खिंडीखालचं पांढरं

५ नोव्हेंबर २००५, शनिवार

आज मी भर बैठकीत बोलले.

दिवाळी झाली की आमच्या मच्छीमार संस्थेची बैठक धरणाच्या काठावर, वडाखाली भरते. बाया त्यात बसत नाहीत. आई आणि मी बाबांच्या मागे उभ्या होतो. अध्यक्ष भगवानरावांनी शेवटी तो विषय काढलाच. पावसाळ्यात बाबा सांडव्याच्या पायऱ्यांवरून पडले, तेव्हापासून त्यांचा उजवा खांदा वर जात नाही. मग जुन्या गावावरचं पाणी यंदा कोणी धरायचं?

धरणात जाळी सगळेच टाकतात. पण जिथे जुनं गाव बुडालं आहे तिथे जाळं चालत नाही. भिंती, विहिरी, चिंचेचे बुंधे ते फाडून टाकतात. तिथे चालत्या डोंग्यामागे एकच गळ ओढत न्यावा लागतो, तोही बुडालेल्या रस्त्यावरूनच. चांगली मरळ तिथेच असते. हे काम माझ्या जन्माच्या आधीपासून फक्त बाबा करतात.

"इठ्ठल, नाराज नको होऊ," भगवानराव बाबांना म्हणाले. "पाणी पडून राहते त्यापेक्षा बंटीले देऊ." बंटी त्यांचा पुतण्या. तो खाली मान घालून हसत होता.

बाबा खांदा चोळत राहिले. तेव्हा मी बोलले, "पाणी पडून राहणार नाही. मी डोंगा मारते. आई गळ धरते."

सगळे हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "दोन बाया एका डोंग्यात! मासे हासून हासूनच वर येतीन."

"येऊ दे ना मंग," आई म्हणाली. "गळ तरी झिजनार नाही."

भगवानराव हसले नाहीत. त्यांनी थोडा विचार करून निकाल दिला. दत्तजयंतीला सगळे माहूरला जातात. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत जुन्या गावावरून ओढून आणलेली एक मरळ या वडाखाली ठेवायची. ठेवली तर पाणी आमचं, नाहीतर बंटीचं. आणि बाबांनी डोंग्यात बसायचं नाही. दत्तजयंतीनंतर कडाक्याची थंडी पडते. मरळ चिखलात तोंड खुपसून बसते, गळाकडे पाहतसुद्धा नाही.

घरी आल्यावर आईने विचारलं, "तुले वल्हं मारता येते काय वं?"

मी म्हणाले, येतं. हे पूर्ण खरं नाही. मला काठाकाठाने मारता येतं.

७ नोव्हेंबर, सोमवार

बाबांनी खूण दिली.

आमच्यात रीत अशी की ज्याचं पाणी त्याची खूण. ती कोणाला सांगत नाहीत आणि कोणी विचारतही नाही. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. फक्त वल्हं पुढच्याच्या हाती देताना ती एकदाच सांगायची. मग देणारा त्या पाण्यावर पुन्हा बसत नाही. म्हणून भगवानरावांना विचारून बाबा आज शेवटचे डोंग्यात बसले.

आमच्या घरात वाचता येणारी मी एकटीच आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नसावी. काठावरच्या पूनमसिंग काकांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कडईचं झाड आहे, चुना लावल्यासारखं पांढरं. त्याच्या मागे डोंगराला खिंड आहे. पांढरं खोड खिंडीच्या बरोबर खाली दिसलं की आपण जुन्या रस्त्यावर असतो. पांढरं डावीकडे सरकलं की आपण विहिरींवर, उजवीकडे सरकलं की चिंचांवर.

बाबांनी हे सांगितलं आणि डाव्या हाताने खिंडीकडे दाखवलं. खिंड होती. खाली पांढरं काहीच नव्हतं.

श्रावणातल्या वादळात कडई पडली असावी. बाबा तेव्हापासून पाण्यावर आलेच नव्हते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "बाप्पा, झाड होतं ते." आणि वल्हं माझ्याकडे सरकवलं.

१२ नोव्हेंबर, शनिवार

चार वेळा गेलो. गळाला शेवाळ, एक फाटकी चिंधी आणि एकदा रिकामं पाणी. खिंड फार रुंद आहे, तिच्याखाली नुसत्या अंदाजाने रेषा धरता येत नाही.

तरी एक गोष्ट लिहिण्यासारखी आहे. आई त्या गावात जन्मली. पाणी आलं तेव्हा ती फ्रॉक घालत होती. डोंग्याच्या मागच्या टोकाला दोरी धरून बसली की ती खालचं गाव बोलत जाते. "हे पाहा, हा माह्या मामाचा गुरांचा वाडगा. इथं एक खट्याळ गाय होती." मी त्या गावात कधी पाय ठेवला नाही. आता रोज त्याच्या डोक्यावरून जाते.

आज थोडा वेळ दोरी मी धरली. गळाच्या पुढे शिशाची गोळी असते, ती तळाला घासत येते. चिखलावर ती मऊ चालते, पिठात बोट फिरवल्यासारखी. मग अचानक बोटांत कुरकुर आली आणि गेली. आई म्हणाली, "तो रस्ता. दगडी होता ना. बैलगाडी जाये तं असाच दातात आवाज ये."

२० नोव्हेंबर, रविवार

सापडलं!

आज सकाळी ऊन पडलं आणि खिंडीच्या खाली, कडई होती तिथेच, एक पांढरा ठिपका चमकला. मी वल्हं थांबवलं. आई घाबरली, तिला वाटलं पाण्यात साप दिसला.

तो पूनमसिंग काकांचा कापूस आहे. धुऱ्यावरच्या मांडवात गंजी लावली आहे. वेचणी होऊन गेली, खरेदी केंद्र अजून उघडलेलं नाही, व्यापारी म्हणेल तो भाव काकांना मान्य नाही. काका म्हणे सांगतात, "केंद्र खुलेपर्यंत एक बोंड हालनार नाही." सगळ्या गावात हेच आहे. खाट अंगणात आणि कापूस घरात.

मी पांढरं खिंडीखाली धरलं आणि आईच्या हातात दोरी कुरकुरत राहिली, बुडालेल्या पारापासून थेट वेशीपर्यंत. आई एकामागून एक घरांची नावं घेत होती, जशी लग्नात आहेर करणाऱ्यांची घेतात. एकदाही अडकलो नाही.

मला कोणी शिकवलं नव्हतं. मीच शोधलं. हे लिहिताना गर्व होतो आहे. तो नसावा, पण आहे.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

शिंगाळा मिळाला, चांगला हातभर. भगवानराव वडाखाली जाळं विणत होते. त्यांनी माशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गळ बरोबर चालून राह्यला तुहा. पन मी मरळ म्हनलं होतं, बाई."

ते बरोबरच बोलले. तरी आईने घरी येईपर्यंत त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. शिंगाळा तिने पुसदच्या बाजारात नेला. म्हणाली, यंदा लोक मासा हातात घेऊन पाहतात आणि ठेवून देतात. फक्त मरळीला कोणी नाही म्हणत नाही. बाळंतिणीला आणि आजाऱ्याला ती लागतेच.

बाबांना रोज पेपर वाचून दाखवते. शेतकऱ्यांच्या बातमीत आपल्या जिल्ह्याचं नाव पहिल्या पानावर असलं की मी सरळ शेवटच्या पानावर जाते. त्यांना ते कळतं.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

वाईट दिवस.

सकाळी पारावर पोहोचलो. खिंडीखाली पांढरं नव्हतं. ऊन येईल म्हणून थांबले. ऊन आलं, पांढरं आलं नाही. तरी मी हट्टाने गेले. कुरकुर थांबली, दोरी ताणली, आई "धर, धर" म्हणेपर्यंत डोंगा गर्रकन फिरला. चिंचेत अडकलो.

बंटी त्याच्या डोंग्यातून आला. "काय विजूताई, चिंचा तोडून राह्यल्या काय? गाभुळल्या असतीन तं मलेबी दे."

"तुह्या काकीले डोहाळे लागले काय बे?" आई म्हणाली.

पण तो चांगला आहे. वाकून त्याने दोरी सोडवायचा खूप प्रयत्न केला. शेवटी तोडावीच लागली. गळावरचा बाबांचा चमचा गेला. स्टीलच्या चमच्याची दांडी काढून, पुढचा भाग राखेने घासून आरशासारखा केलेला, शेपटीला लाल लोकर. ओढताना तो लहान मासळीसारखा लुकलुकायचा. बाबांनी हात चांगला असताना केलेला तो शेवटचा.

परतताना काठावर कळलं की केंद्र काल उघडलं आणि पूनमसिंग काकांची गाडी सर्वांत आधी गेली. काकी सगळ्यांना गूळ वाटत होती. मलाही दिला.

मी तो खाल्ला, आणि मनात म्हणाले की काका अजून पंधरा दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं.

३० नोव्हेंबर, बुधवार

कालचं शेवटचं वाक्य खोडावं असं वाटलं. खोडलं नाही, कारण ते मनात आलं होतं. ज्या माणसाने रात्ररात्र कापसाशेजारी झोपून राखण केली, त्याचा माल विकला गेला आणि मला वाईट वाटलं. शिकून हेच शिकले का?

राहवेना, म्हणून बाबांना सांगितलं. खूण नाही सांगायची हे ठाऊक आहे, पण ही मुळात त्यांचीच खूण. मी म्हणाले, कडईच्या जागी मी काकांचा कापूस धरला होता.

बाबा आधी पाहतच राहिले. मग इतके हसले की खांदा धरून बसले. "अवो वच्छला, ऐक तं! इकायच्या मालावर खूण धरली पोरीनं! उद्या एखाद्याची म्हैस धरशीन!"

"हासता काय?" आई आतून म्हणाली. "तुमची कडई तं इकायचीबी नव्हती, तरी गेलीच ना."

बाबांनी हसून भरलेले डोळे पुसले. म्हणाले, "कापसावर रेषा धरली, आन् वेशीपावतर गेली?"

"गेली," मी म्हणाले.

दुपारी काठी घेऊन ते बाहेर पडले. कुठे ते सांगितलं नाही. संध्याकाळी आले तेव्हा धोतराला गोखरू चिकटले होते आणि तोंडाला चहाचा वास होता. इतकं चालायला डॉक्टरांनी मना केलं आहे. मी बोलले, तर म्हणाले, "खांदा मोडला, पाय नाही मोडले."

३ डिसेंबर, शनिवार

देवाची कृपा म्हणायची. पूनमसिंग काकांच्या मांडवावर आज एक पांढरी चादर वाळत होती, अगदी खिंडीखाली. चादर वाऱ्याने हलते, कापसासारखी स्थिर नाही, पण चालते. रेषा धरता आली.

नवा गळसुद्धा झाला. आईने पेटी उघडली आणि माझ्या लग्नासाठी ठेवलेल्या भांड्यांतला एक चमचा काढला. मी नको म्हणाले. जोड मोडतो.

"मोडू दे."

"सासरच्यांनी मोजले तर?"

"माशानं गिळला म्हनशीन. खोटं होनार नाही, तुले खोटं बोलता येत नाही ना."

बाबांनी पायाखाली धरून तो डाव्या हाताने कापला. वाकडा झाला. पण पाण्यात जास्तच लुकलुकतो.

७ डिसेंबर, बुधवार

चादर अजून तिथेच आहे, रात्रंदिवस. काकी इतकी नीटनेटकी बाई, धुणं काढायला कशी विसरली? दवाने पिवळी पडेल. मी आईला म्हणाले की जाऊन आठवण करून द्यायला हवी. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याचं नुकसान पाहत बसणं बरं नाही.

आईला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाली, "देजो आठवन. पन दत्तजयंती होऊन जाऊ दे."

मी कबूल केलं. हे चुकलं का ते कळत नाही.

९ डिसेंबर, शुक्रवार

पाराच्या वळणावर मरळ लागली. आईने हातावर हात टाकत दोरी ओढली. काळी, लांब, सापासारख्या डोक्याची. डोंग्याच्या कडेला आली, मी वल्हं टाकून टोपली खाली घातली, आणि ती टोपलीच्या काठावरून उलटी फिरून गेली. आईच्या तळव्याला दोरीने चीर पडली.

वल्हं सोडायला नको होतं. डोंगा आडवा झाला, दोरी सैल पडली. चूक माझी. आई म्हणते मासा शहाणा होता.

पाणी गार होत चाललं आहे. सकाळी हात घातला की बोटं लाल होतात.

१२ डिसेंबर, सोमवार

काही नाही. मरळ खाली बसायला लागली की काय? बंटीने वाटेत विचारलं, "ताई, परवानंतर मी डोंगा काढू ना?" खोचून नाही, खरंच विचारलं. मी म्हणाले, परवा सांगते.

पाणी गेलं तर बाबा काय करतील, हा विचार मी दिवसभर बाजूला सारते आहे. घर चालेल. आईचा बाजार आहे, मला कुठेतरी शिकवायला मिळेल. पण बाबा रोज संध्याकाळी वडाखाली बसतात, आणि कोणी नवा माणूस आला की लोक सांगतात, "हा इठ्ठल, जुन्या गावावरचा." परवानंतर काय सांगतील?

१४ डिसेंबर, बुधवार

आज सगळं सावकाश लिहिणार आहे.

पहाटे दार उघडलं तर अंगणातली तुळस दिसेना, इतकं धुकं. वडाखाली माहूरला जाणाऱ्यांच्या पिशव्या बांधून ठेवलेल्या. भगवानराव म्हणाले, "पोरी, यात नको जाऊ. मी उद्याचा दिवस देत नाही, पन आज गेली नाही म्हनून कोनी हासनारबी नाही."

मी बाबांकडे पाहिलं. ते काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते उठले आणि त्यांनी डोंग्याची दोरी डाव्या हाताने सोडून दिली.

पाण्यावर गेल्यावर काठ गेला, डोंगर गेला. खिंड नाही, चादर नाही. आई माझ्यापासून चार हातांवर बसलेली, तीही पुसट. मी वल्हं थांबवलं. खूप भीती वाटली. मग मी चप्पल काढली आणि आईला म्हणाले, "दोरीचा एक वेढा माझ्या पायाच्या अंगठ्याला दे. बाकीची तू धर."

"मोठा मासा लागला तं अंगठा जाईन."

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हनते! तुले सही येते म्हनून अंगठ्याची कदर नाही."

पण तिने वेढा दिला. त्यानंतर ती एकदाही बोलली नाही. घरांची नावंसुद्धा घेतली नाहीत. मी डोळे मिटून घेतले, उघडे ठेवूनही काही दिसत नव्हतं.

त्यापुढे मी रेषा कशी धरली, ते इथे लिहीत नाही.

पाराच्या वळणावर अंगठ्याला असा हिसका बसला की मी ओरडले. आईने वेढा सोडवला. या वेळी मी वल्हं सोडलं नाही. डोंगा सरळ ठेवला, हळूहळू पुढे मारत राहिले. मागे आई ओढत होती, शिव्या देत होती, देवाचं नाव घेत होती, सगळं एकाच दमात. मग टोपली डोंग्यात आपटली आणि आई त्यावर आडवी पडली. म्हणाली, "आता तं माह्या अंगावरूनच जाय म्हनावं."

आम्ही काठाला लागलो तेव्हा धुकं विरत होतं. मी मरळ वडाखाली ठेवली. तिचं शेपूट भगवानरावांच्या पिशवीवर आपटलं. कोणी हसलं नाही. भगवानराव उकिडवे बसले, माशाच्या तोंडातला वाकडा चमचा त्यांनी काढला, पुसून माझ्या हातात दिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जुन्या गावावरचं पानी विजयमालाचं."

माझं पूर्ण नाव त्यांना माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

बंटी म्हणाला, "ताई, परवा सांगते म्हनलं होतं. हे असं सांगतेत काय?" आणि मासा तोलून धरायला त्यानेच हात लावला.

तेवढ्यात पूनमसिंग काका धापा टाकत आले. बांधाकडून थेट आले असावेत, पाय दवाने भिजलेले. मासा पाहून त्यांनी पागोटं सरळ केलं. "दिसलं ना, छोरी? बराबर दिसलं ना?"

काकांना माझी इतकी काळजी असेल हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "कुठलं काका! एवढ्या धुक्यात काहीच दिसलं नाही. जाऊन येईपर्यंत काठसुद्धा नाही दिसला."

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी काकांकडे. दोघांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटलं माझं काही चुकलं.

बाबा उठून माझ्याजवळ आले. "काहीच नाही दिसलं?"

"नाही."

"मंग? मंग कशावर ध..."

तिथेच ते थांबले. ओठ तसेच उघडे राहिले. मग त्यांनी डाव्या हाताने स्वतःच्याच तोंडावर हलकी चापट मारली, जशी लहान मुलं चुकीचं बोलल्यावर मारतात.

"नाही," ते म्हणाले. "नको सांगू. मलेबी नको सांगू."

आणि सगळ्यांसमोर, मासे विकणाऱ्या दोन बाया पाहत असताना, त्यांनी माझ्यासाठी वडाखालच्या बाजेवरची आपली जागा सोडली.

१५ डिसेंबर, गुरुवार, दत्तजयंती

गाव माहूरला गेलं. आज गळ टाकायचा नाही, म्हणून नुसताच डोंगा घेऊन पारापर्यंत जाऊन आले. आकाश स्वच्छ होतं. खिंडीखाली काही नव्हतं. काकीला शेवटी चादर आठवली म्हणायची. बरं झालं, मला सांगायला जावं लागलं नाही.

आता तिची मला गरजही नाही. पायाचा अंगठा काळानिळा झाला आहे. आई त्याला हळद लावते आणि विचारत काही नाही.